तुम्ही विचारलंत म्हणून: आधी यामल, मग कोड

"चार एंडपॉइंट तर आहेत, त्यासाठी एवढं मोठं यामल आधी कशाला लिहीत बसता?" टीममध्ये नवीन आलेलं पोरगं पहिल्याच आठवड्यात हे विचारतं. परवा भाच्यानेही विचारलं. एकदा सविस्तर सांगूनच टाकतो. हे यामल म्हणजे सर्व्हरशी बोलायचे नियम लिहिलेली साधी फाइल: कुठल्या पत्त्यावर (म्हणजे एंडपॉइंटवर) काय पाठवायचं आणि उत्तर काय येईल. या नियमांनाच आम्ही स्पेक म्हणतो.

काही वर्षांपूर्वी एका दूध संघाचं काम करत होतो. संकलन केंद्रावर लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) मोबाइलमध्ये भरायचं आणि दर दहा दिवसांनी शेतकऱ्याच्या खात्यात बिल जमा. आमच्याकडे स्पेक होता बरं का! स्पेक वाचायला मांडून दाखवणाऱ्या स्वॅगरचं देखणं पान होतं, त्यात खाते क्रमांक 'स्ट्रिंग' (म्हणजे मजकूर, संख्या नव्हे) असं स्वच्छ लिहिलेलं. पण ते पान कुणी चालवत नव्हतं, नुसतं बघत होतं. मोबाइल ॲप क्रमांक नंबर म्हणून पाठवत होतं, सर्व्हर मुकाट घेत होता, आणि ज्यांची खाती शून्याने सुरू होत होती त्यांची शून्यं गळून गेली. पैसे बँकेतून परत आले. सचिवांचा फोन, "साहेब, लोक दारात उभेत." ती संध्याकाळ मी विसरलेलो नाही.

तेव्हापासून स्पेक दारातच उभा करतो. सर्व्हर जावास्क्रिप्टच्या नोडवर, एक्सप्रेस फ्रेमवर्कमध्ये लिहिलेला असेल तर 'एक्सप्रेस-ओपनएपीआय-व्हॅलिडेटर' हे मिडलवेअर (रिक्वेस्ट आणि तुमचा कोड यांच्या मध्ये बसणारा तुकडा) लावायचं आणि त्याला यामलचा पत्ता द्यायचा. मग रिक्वेस्ट तुमच्या फंक्शनपर्यंत पोचायच्या आधीच तपासली जाते. उत्तरात चुकीचा कोड जातो: स्पेकमध्ये नसलेला पाथ आला तर ४०४, चुकीची मेथड (गेट, पोस्ट वगैरे) ४०५, स्ट्रिंगच्या जागी नंबर आला तर ४००, आणि कुठलं फील्ड चुकलं तेही सांगतं. एकच सांभाळा: जेसन पार्सर (आलेला डेटा वाचून रिक्वेस्टच्या बॉडीत भरणारा भाग) याच्या आधी लावा. क्रम उलटला की बॉडी रिकामी दिसते आणि माणूस तासभर यामलला शिव्या देत बसतो. मी बसलोय.

पायथनवाल्यांसाठी झलांडो या जर्मन ऑनलाइन फॅशन कंपनीत तयार झालेलं 'कनेक्शन' (Connexion) हे फ्रेमवर्क आहे. ते एक पाऊल पुढे जातं. यामलमधल्या ऑपरेशन-आयडीत फंक्शनचं नाव लिहिलं की राउटिंग (कुठली रिक्वेस्ट कुठल्या फंक्शनकडे जाईल ते) तेच जोडून देतं. फंक्शन अजून लिहिलंच नसेल तर मॉक मोडमध्ये स्पेकमधली उदाहरणं उत्तर म्हणून पाठवतं. मोबाइलवाला आमच्यासाठी खोळंबत नाही, हा मला त्याचा सगळ्यात मोठा फायदा वाटतो.

नावांचा गोंधळ होतो म्हणून: वर्डनिक या ऑनलाइन शब्दकोश कंपनीत जन्मलेला स्वॅगर स्पेक २०१५ मध्ये लिनक्स फाउंडेशनखालच्या ओपनएपीआय इनिशिएटिव्हकडे गेला आणि २०१६ पासून त्याचं नाव ओपनएपीआय. आम्ही अजून स्वॅगरच म्हणतो. आवृत्ती मात्र बघून घ्या. केंद्रावरचं मशीन बंद असलं की एसएनएफ 'नल' (म्हणजे किंमतच नाही) येतो, ओपनएपीआय ३.० मध्ये त्यासाठी 'नलेबल: ट्रू' लिहायचं, ३.१ मध्ये ते काढून टाकलंय, तिथे टाइपच्या यादीतच 'नल' घालावा लागतो.

रिस्पॉन्सची, म्हणजे आपल्या सर्व्हरच्या उत्तराची तपासणी एक्सप्रेसच्या त्या व्हॅलिडेटरमध्ये आपणहून सुरू नसते. टेस्टिंगला ती चालू कराच. दुसऱ्याच्या चुका पकडायला सगळेच तयार असतात, पण निम्मी लफडी आपल्याच उत्तरात निघतात.

आणि हो, मिडलवेअर म्हणजे जादू नव्हे. फॅट ३.५ आहे की ३५ हे 'मॅक्सिमम' लिहिलं तर ते पकडेल. पण एकाच शेतकऱ्याचं सकाळचं दूध दोनदा नोंदलं गेलं, हे त्याला कळायचं कसं? तो कोड तुम्हालाच लिहायचाय.

भाच्याने हे सगळं ऐकून घेतलं आणि यामल न बघताच ॲप जोडायला घेतलं. रात्री अकराला मेसेज: "मामा, तुझा सर्व्हर ४०० देतोय."

म्हटलं, खालची ओळ वाच. खाते क्रमांक, स्ट्रिंग हवी.