पाय धुणं, आणि खरूज

डिसेंबरात नागपूरचा पारा 10 अंशांखाली उतरला की स्टेशन आणि सीताबर्डीच्या फुटपाथवर झोपणाऱ्यांना निवारा लागतोच. तिथं बायबलच्या योहान 13 मधलं, येशूनं शिष्यांचे पाय धुतले ते पाय धुणं, ईस्टरआधीच्या पवित्र गुरुवारच्या चर्चमधल्या विधीपुरतं राहत नाही. पाणी कोमट हवं, आणि ते आपल्या कोपरानं तपासायचं. मधुमेहानं पाय बधिर झालेल्याला चटका कळत नाही. बोटांच्या बेचक्या नीट कोरड्या करा, नाहीतर चिखल्या वाढतात.

खरी परीक्षा खरजेची. डॉक्टरांनी दिलेलं 5 टक्के परमेथ्रिन मलम मानेपासून तळव्यांपर्यंत रात्रभर, आणि आठवड्यानं पुन्हा. एकट्यालाच लावलं तर मेहनत वाया. शेजारच्या गाद्यांवरच्यांनाही त्याच रात्री लावायचं, खाज नसली तरी, कारण पहिल्या लागणीत खाज सुटायला 4 ते 6 आठवडे जातात. कपडे-चादरी गरम पाण्यात. ब्लँकेट धुणं जमत नसेल तर प्लास्टिकच्या पिशवीत आठवडाभर घट्ट बांधून ठेवा. उपचारानंतरही खाज काही आठवडे राहते. म्हणून लोक मलम चोपडतच राहतात आणि कातडी आणखी चिडते.

प्रार्थना? जेवणाची अट म्हणून कधीच नाही. भुकेल्याचं 'आमेन' बहुधा ताटासाठी असतं. कुणी मागितली तर करावी, बाजूला बसून, हळू आवाजात.