तुम्ही विचारलंत म्हणून: शेजारचं का खात नाही

नाही, खात नाही. शेजाऱ्यांनी प्रेमाने आणलेलं, घरी केलेलं, "अगदी ताजं आहे हो" म्हणून हातात ठेवलेलंसुद्धा. दर दिवाळीला हा प्रश्न येतो आणि "थोडंसं खाऊन काय होतंय?" हे शेपूट त्याला असतंच.

काय होतं ते सांगते. मला सीलिॲक आहे. गव्हातलं ग्लूटेन नावाचं प्रथिन पोटात गेलं की माझं शरीर स्वतःच्याच लहान आतड्यावर उठतं आणि अन्न शोषून घेणारं अस्तर झिजवतं. यावर गोळी नाही. पथ्य हाच उपचार, तोही जन्मभर. पाकिटावर 'ग्लूटेन-फ्री' छापायचं तर किलोमागे 20 मिलिग्रॅमच्या वर ग्लूटेन चालत नाही. आता बसवा यात तुमचं थोडंसं.

पोळीचं सगळ्यांना कळतं. हिंगाचं कळत नाही. डबीतल्या हिंगात बऱ्याचदा मैदा नाही तर गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं, म्हणजे फोडणीची आमटी गेली, कोशिंबीरही गेली. चकलीची भाजणी तांदूळ-डाळींची असेलही, पण तळलेली शंकरपाळ्यांच्याच तेलात. ज्वारीची भाकरी चालते, पण गिरणीत त्या ज्वारीच्या आधी कुणाचे गहू पडले होते? म्हणून घरघंटी घेतली, तर "पैसा उतू चाललाय" हेही ऐकून झालं. सत्यनारायणाचा प्रसाद रव्याचा. तो मी कपाळाला लावते आणि नवऱ्याच्या हातावर ठेवते. कलावतीने प्रसाद टाकला तेव्हा तिच्या नवऱ्याची नाव बुडाली. माझ्या नवऱ्याचं फक्त वजन वाढलंय.

एकादशीला मात्र मी सगळ्यांची लाडकी. साबुदाणा, वरी, राजगिरा! त्या दिवशी ना गव्हाला थारा, ना हिंगाला. खालच्या काकूंकडची खिचडी मी हक्काने मागून खाते.

घोळ इथेच झाला.

गेल्या बुद्धपौर्णिमेला समोर नव्याने राहायला आलेली मुलगी खीर घेऊन आली. शेवयांची. मी दारातच म्हटलं, "मी बाहेरचं खात नाही गं." रोजचं वाक्य, तोंडात बसलेलं. ती म्हणाली, "आमचंच, की सगळ्यांचंच?"

मी तिला आत बसवलं. आतडी, बायॉप्सी, हिंग, सगळं सांगितलं. फाइल तेवढी काढायची राहिली. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "कारण प्रत्येकाकडे असतंच, ताई. माझ्या आजीच्या ओंजळीत पाणी वरून ओतायचे, त्यांच्याकडेही होतं." मला राग आला. खोटं कशाला सांगू, चांगलाच आला. माझं दुखणं आणि त्यांचा विटाळ एका मापाने मोजायचा? जाताना ती डबा घेऊन गेली.

मग आषाढी. काकूंच्या दारात उभी राहून मी खिचडी खात होते आणि ती जिना चढून येत होती. थांबली. बशीकडे बघितलं. "हे चालतं वाटतं," एवढंच म्हणाली. मी "अगं, साबुदाणा..." म्हणून सुरुवात केली आणि पुढचं वाक्य माझं मलाच ऐकवेना. शेवया नाहीत आणि साबुदाणा हो, यात डॉक्टरला विचाराल तर कानामात्रेची चूक नाही. पण तिला काय दिसलं? एका घरचं चालतं, एका घरचं चालत नाही. तेही खोटं नव्हतं. त्यातून हे पुणं. इथे 1890 साली पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये घेतलेल्या चहावरून ग्रामण्य झालं, म्हणजे जातीबाहेर टाकण्याचा खटला चालला, टिळक आणि रानडे दोघांनाही प्रायश्चित्त घ्यावं लागलं. कुणाकडचं पोटात गेलं याचा हिशेब ठेवण्यात आम्ही मुरलेले. त्यात माझी आतडी वेगळी कोण मांडणार, आणि तिने तरी का मांडावीत?

आधी मी म्हणायचे, आजार आहे, विषय संपला. आता तेवढ्या जोरात म्हणवत नाही. काकूंच्या खिचडीची मला खात्री का? तर त्यांच्या ओट्यापाशी मी कित्येकदा उभी राहिले आहे, त्यांच्या फडताळातले डबे मला माहीत आहेत. अशा खात्रीच्या घरांची एकदा मनातल्या मनात यादी केली. आडनावं सगळी एकाच पंगतीतली निघाली. ही यादी ग्लूटेनने केलेली नाही, एवढं मलाही कळतं.

पण म्हणून ती खीर खायला हवी होती का? नाही. आज आणली तरी खाणार नाही. खाल्ली असती तर तिचं मन राहिलं असतं आणि मी आठवडाभर आडवी झाले असते. हा सौदा मला मान्य नाही, तुम्ही मला काहीही म्हणा.

नवरा म्हणतो, तिच्याकडे जा, स्वयंपाकघर बघून ये, सोपं आहे. सोपं? काकूंकडे मी हिंगाची डबी उलटी करून मागचं बारीक छापलेलं वाचते, तेव्हा त्या हसतात. तिच्या घरी पहिल्यांदाच जाऊन कणकेचा डबा कुठे ठेवतेस, पोळपाट वेगळा आहे का, कढई कशी घासतेस, असं विचारायला लागले तर तिला त्यात काय ऐकू येईल? कुणाला जमत असेल तर सांगा. फक्त "थोडंसं खा" सांगू नका.