गाडी उभी राहिली की काटा चढायचा

रस्त्यावर गाडी पळत असली की टेंपरेचरचा काटा निम्म्याच्या जरा खाली, जागचा हलत नसे. पण सिग्नलला किंवा ट्रॅफिकमध्ये पाच-सात मिनिटं उभं राहावं लागलं की तो लाल पट्टीकडे सरकायला लागायचा. पुन्हा वेग घेतला की खाली. पहिल्यांदा हे झालं तेव्हा मी घाबरलोच. एसी बंद केला, काचा खाली घेतल्या आणि हीटर फुल सोडला. इंजिनाची उष्णता त्यातून बाहेर पडते, तेवढ्यावर कसाबसा घरी पोचलो.

मेकॅनिकने थर्मोस्टॅट (इंजिन तापलं की उघडून गरम पाणी रेडिएटरकडे सोडणारा व्हॉल्व्ह) बदलून दिला. दोन दिवसांनी परत तेच. मग मात्र मी शांतपणे विचार केला. थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकला असता तर गाडी पळतानाही तापली असती. पळताना समोरचा वारा रेडिएटर थंड ठेवतो, उभ्या गाडीत ते काम पंख्यालाच करावं लागतं. म्हणजे आधी पंखा बघायला हवा होता.

सकाळी इंजिन थंडगार असताना कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी, पाहिलं, भरपूर होतं. (गरम इंजिनावर रेडिएटरचं झाकण उघडू नका. आत दाब असतो, उकळतं पाणी थेट अंगावर उडतं.) गाडी सुरू करून तशीच उभी ठेवली. आधी रेडिएटरचा वरचा होज पाइप तापला, मग खालचाही. म्हणजे थर्मोस्टॅट उघडला होता. काटा निम्म्याच्या वर गेला तरी पंखा ढिम्म. एसी लावला, तरीही नाही. एसी लावला की माझ्या गाडीत पंखा लगेच फिरायला हवा.

इंजिन बंद केलं. फ्यूज शाबूत होता. पंख्याला वीज चालू-बंद करणारा स्विच म्हणजे रिले. हॉर्नचा रिले त्याच नंबरचा होता, तो काढून पंख्याच्या रिलेच्या जागी बसवला, फरक शून्य. मग पंख्याचा कनेक्टर सुटा केला, गाडी सुरू करून एसी लावला आणि त्यात टेस्ट लॅम्प धरला. लख्ख पेटला! करंट येत होता, मोटरच तो घेत नव्हती.

कनेक्टर परत जोडला आणि हात लांब ठेवून, एका लांब लाकडी दांडक्याने मोटरच्या पाठीवर हलकेच टकटक केलं. पाती थरथरली, अडखळली आणि गर्रकन फिरायला लागली. मोटरच्या फिरत्या भागाला वीज पोचवणारे कार्बन ब्रश झिजले होते. म्हणूनच पंखा कधी चालायचा, कधी नाही, आणि मेकॅनिकपुढे नेमका चालला होता. त्याला दोष देत नाही, पण गाडी नेमकी कधी तापते हे त्याने विचारलं असतं तर तो थर्मोस्टॅट वाचला असता.

नवी मोटर बसवल्यावर गाडी वीस मिनिटं उभ्या जागी चालू ठेवली. काटा निम्म्याला टेकला की पंखा घुं करून सुरू व्हायचा, काटा जरा उतरला की थांबायचा. असं चार वेळा झालं, तेव्हा कुठे मी बॉनेट लावलं.