त्या शिट्टीनंतरही

पुढच्या महिन्यातल्या हेवी मेटल संगीताच्या कॉन्सर्टची तिकिटे आली, असे सांगितले की समोरचा हमखास विचारतो, "मित्राच्या कानाचे एवढे झाल्यावरही तुम्ही दोघे जाणार, आणि तेही दिवस मोजत?" इतक्यांनी विचारलेत म्हणून एकदाच नीट लिहितो.

हो, दिवस मोजतो. आम्ही रोज रात्री त्या बँडचा एकेक अल्बम क्रमाने ऐकतो आणि मग सुरुवात कोणत्या गाण्याने होईल यावर फोनवर भांडतो. त्याच्या मते एखाद्या संथ, जड रिफने, म्हणजे गिटारवर पुन्हा पुन्हा वाजणाऱ्या तुकड्याने. माझ्या मते दोन्ही गिटारी आणि ड्रम पहिल्याच क्षणी एकदम कोसळतील. ही ओढ ज्याला कळते असा माझ्या आयुष्यात तो एकच माणूस आहे.

कानाचे झाले त्या कॉन्सर्टच्या संध्याकाळी आम्ही स्पीकरच्या भिंतीपासून पाच-सहा पावलांवर उभे होतो. त्याने इअरप्लग काढले, तेव्हा मी ते त्याच्या तळहातावरून उचलून माझ्या खिशात टाकले आणि म्हणालो, "मेटल कानात बोळे घालून ऐकायचे असते का?" तो हसला. शेवटचे गाणे संपून दिवे लागले तेव्हा लोक ओरडताना दिसत होते, पण त्यांचा आवाज जाड भिंतीपलीकडून आल्यासारखा वाटत होता. माझे कान दोन दिवसांत मोकळे झाले. त्याच्या डाव्या कानातली बारीक शिट्टी अजून थांबलेली नाही. डॉक्टरांनी तपासणीचा आलेख दाखवला, त्यात उंच स्वरांकडे रेघ खाली घसरली होती. आतल्या कानातल्या, आवाज टिपणाऱ्या केसपेशी एकदा मेल्या की माणसात पुन्हा तयार होत नाहीत, असे त्यांनी सांगितले, तेव्हा मी तेच जॅकेट घातले होते आणि खिशात ते इअरप्लग तसेच होते.

तो सज्ञान होता, परत मागू शकला असता, असे मी पुष्कळ दिवस स्वतःला बजावत होतो. ८५ डेसिबलचा आवाज कानाला आठ तास चालतो, पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो आणि शंभरला जेमतेम १५ मिनिटे उरतात, हे तेव्हा मला ठाऊक नव्हते, हेही खरे आहे. पण धोका ओळखून इअरप्लग घेऊन आलेला माणूस माझ्या शेजारीच उभा होता.

मी त्याला ब्लॅक सॅबाथ या मेटल बँडचा गिटारवादक टोनी आयोमी याचे उदाहरणही दिले होते: कारखान्यात उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके गेली, तरी त्याने प्लॅस्टिकच्या टोप्या बनवून गिटार धरली आणि पुढे तारा सैल लावल्या. मित्र म्हणाला, "त्याची बोटे यंत्रात गेली. माझा कान तुझ्या हट्टात गेला." त्यानंतर मी ते उदाहरण कधी काढले नाही.

तरीही या वेळची तिकिटे त्यानेच काढली. मी "नक्की?" असे विचारले, तर म्हणाला की शिट्टी घरातही वाजतेच, उलट शांत खोलीत ती जास्त ऐकू येते. हे मला खरोखर पटले आहे की माझ्या सोयीचे आहे म्हणून पटले आहे, ते ठरवता येत नाही. आम्ही मागे, साउंड मिक्सरजवळ उभे राहणार आहोत आणि दोघांच्याही कानांत इअरप्लग असतील. काल रात्री तिसरा अल्बम संपल्यावर त्याचा फोन आला. हल्ली तो फोन उजव्या कानालाच धरतो.