अर्धं फूल

ऐरोलीत राहायचं आणि पाहुण्यांना ठाण्याच्या खाडीवर फ्लेमिंगो दाखवायचे नाहीत, हे आमच्या घरात चालत नाही. गेल्या एप्रिलात मावसबहिणीला घेऊन गेले, तर ओहोटीने पक्षी पार लांब चिखलात. दुर्बिणीतूनही गुलाबी ठिपकेच. कंटाळून खाली पाहिलं, तर बांधाच्या कडेला कमरेएवढ्या झुडपावर निळसर जांभळं फूल. तेही अर्धंच. वरची पाकळी कुणी कुरतडून नेल्यासारखी. अळीचं काम असणार, म्हणून शेजारचं पाहिलं. तेही तसंच. तिसरंही!

"हात जपून गं, मारांडी आहे ती," जाळं खांद्यावर टाकून चाललेल्या कोळीण मावशी म्हणाल्या. तोवर बोटाला टोचलं होतंच. चकचकीत जाड पान, कडेला टोकदार काटे. सावलीतल्या फांदीवरची पानं मात्र बरीच गरीब.

मारांडी अडुळशाच्या कुळातली. कोरांटी, कारवी ही तिची भावंडं, आणि आता वनस्पतिशास्त्रज्ञ खारफुटीतल्या तिवरालाही याच घरात धरतात. अडुळशाच्या फुलाला वर एक आणि खाली एक असे दोन ओठ असतात. मारांडीला वरचा नाहीच. खालचाच तेवढा रुंद, भुंग्याला बसायला पाटच मांडलेला. पाटावर चार जाड पुंकेसर, केसाळ डोकी एकमेकांना चिकटवून उभे. मधासाठी भुंग्याने त्यांच्यातून अंग घुसवायचं आणि पाठीवर पराग घेऊन निघायचं. आमच्यासमोर एक काळा भुंगा असा शिरला की सगळा तुरा वाकला.

पानांवर पांढरी भुकटी होती. मला धूळ वाटली, पण बहिणीने सरळ बोट फिरवून जिभेला लावलं. "अगं, मीठ!" खाडीच्या पाण्याबरोबर आत आलेलं जास्तीचं मीठ मारांडी पानांवाटे बाहेर टाकते.

२०१५ साली खाडीचा हा भाग अभयारण्य झाला, तोही फ्लेमिंगोंच्याच नावाने. मारांडीच्या नावाची पाटी कोण लावणार? जूनमध्ये पुन्हा गेले, तेव्हा बांधावर मोडून पडलेली एक फांदी मिळाली, हिरव्या गुळगुळीत बोंडांची. घरी आणून ओट्यावर ठेवली आणि विसरले. तीनेक दिवसांनी भर दुपारी स्वयंपाकघरात टक्कन आवाज झाला. सासूबाई म्हणाल्या, "पाल पडली वाटतं." बोंड तडकून उघडं पडलं होतं. तीन चपट्या बिया ओट्याखाली सापडल्या, चौथी पोह्यांच्या डब्यामागे.