पेनांगचा नाश्ता
आज मलेशियातल्या पेनांगच्या जॉर्ज टाउन शहरात रोटी चनाय हाणली राव! मैद्याचा तेलात मुरलेला गोळा तो माणूस स्टीलच्या ओट्यावर आपटून आपटून आरपार दिसेल इतका पातळ करतो, मग घडी घालून तव्यावर, आणि खाली उतरवल्यावर दोन्ही हातांनी चुरगळतो तेव्हा कुठे पदर सुटतात. सोबत डाळ नि करी. इंग्रजांच्या काळात तमिळ मुस्लिम इकडे आले त्यांच्यासोबत आलेला हा प्रकार, आपल्याकडच्या केरळी परोट्याचा सख्खा भाऊच. नासी कांदार पण त्यांचंच, पूर्वी खांद्यावरच्या कावडीत भात आणि करी घेऊन बंदरावरच्या कामगारांना विकायचे म्हणे. भातावर तीनचार करी एकत्र ओततात, दिसायला नुसता गिचका पण चव एक नंबर!! तेह तारिक मात्र फारच गोड, कंडेन्स्ड मिल्कचा चहा तो, आपल्याला नाय झेपला.