तुम्ही विचारलंत म्हणून: झोपेच्या गोळ्या बायकाच जास्त घेतात का?

फोंड्यात माझी फार्मसी आहे हे कळलं की लग्नात, हळदीकुंकवात, अगदी म्हार्दोळच्या जत्रेतसुद्धा कोणीतरी विचारतंच, "काय गो, झोपेच्या गोळ्या बायकाच जास्त नेतात ना?" विचारणारा बहुधा पुरुष असतो आणि उत्तर त्याने आधीच ठरवलेलं असतं.

नेतात, खरं आहे. अल्प्राझोलामच्या जातीच्या, म्हणजे झोप आणि घबराटीवरच्या, गोळ्या पाश्चात्त्य देशांत बायकांना पुरुषांच्या जवळजवळ दुप्पट लिहून दिल्या जातात. माझ्या काउंटरवरही फार वेगळं दिसत नाही. पण त्या 'लिहून दिल्या' जातात, हे लोक विसरतात. छातीत धडधडतं, रात्र रात्र डोळा लागत नाही, म्हणून बाई डॉक्टरकडे जाते. पुरुषाला तेच झालं तर तो बारवर जातो. एम्सच्या देशव्यापी पाहणीचा 2019चा अहवाल सांगतो की दारू पिणारे पुरुष 27.3 टक्के, बायका 1.6 टक्के. गोव्यात बायकाही बिनधास्त पितात, हा पर्यटकांचा समज. किनाऱ्यावरचं सोडा, फोंडा-डिचोलीकडे येऊन बघा.

आमच्याकडे एक काकी येतात. चिठ्ठी प्लास्टिकच्या पिशवीत, पोस्टाच्या पासबुकाला चिकटून. घड्या पडून पडून नेमकी तारखेवर फाटलेली. नवरा गेला तेव्हा दिवसकार्यापर्यंत झोप लागावी म्हणून कोणीतरी गोळी दिली होती, ती राहिली ती राहिलीच. "बाय, मी अर्धीच घेते गो," म्हणतात. सुरीने कापतात. उरलेली अर्धी दुपारी घेतात, हे सुनेकडून कळलं. तारीख नसलेल्या चिठ्ठीवर मी देत नाही. ही गोळी एच-वन यादीतली, म्हणजे जास्त कडक नियमांच्या औषधांतली; 1 मार्च 2014 पासून प्रत्येक विक्री रजिस्टरात मांडावी लागते. मग सूनच दुसरीकडून आणते. बिचारीला वाटतं, सासूची सेवा करतेय.

नवरा प्यायला लागला की वाड्याला कळतं. बाईची गोळी मात्र बीपीच्या गोळीशेजारी डब्यात असते आणि ती वेळेवर घेतली की घरातले उलट खूश होतात.

शरीरही वेगळं वागतं. झोल्पिडेम ही झोपेची दुसरी गोळी, ती बायकांच्या रक्तातून सावकाश उतरते, सकाळी गाडी चालवताना अंमल उरलेला असतो. म्हणून 2013 साली अमेरिकेच्या औषध नियामकांनी बायकांची मात्रा 10 मिलिग्रॅमवरून 5 वर आणली. त्याआधी वीस वर्षं दोघांना एकच मात्रा चालली होती, याचा मला अजून राग येतो. पहिल्या गोळीपासून ती सुटेनाशी होईपर्यंतचा प्रवास बायकांचा अनेकदा लवकर होतो, असंही अभ्यासांत दिसलेलं आहे.

पुरुष गोळ्या घेत नाहीत असं नाही. कंबरेसाठी ट्रामाडोल, कोडीनचं खोकल्याचं औषध, "मित्राला पाहिजे" म्हणून. त्यांच्यात नशेसाठी घेणारे जास्त, आणि वरून दारू. ती जोडी श्वास मंदावते, जिवावर बेतते. पण निदान तो पकडला तरी जातो. घरचे ओढून व्यसनमुक्ती केंद्रात नेतात. तिथे बहुतेक पुरुषच, दारू सोडायला आलेले. त्यांच्यात काकींनी जाऊन बसावं?

आणि कळलं म्हणून घरच्यांनी डबा लपवायचा, हे तर मुळीच नको. काकींसारखी वर्षानुवर्षं घेतलेली झोपेची गोळी एकदम थांबवली तर फिट येऊ शकते. डॉक्टरच्या देखरेखीखाली मात्रा थोडी थोडी उतरवावी लागते. बांबोळीच्या आयपीएचबीत, म्हणजे सरकारी मानसोपचार इस्पितळात, त्याचे डॉक्टर आहेत. नुसतं विचारायचं असेल तर 14416 हा टेलि-मानसचा, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य मदतसेवेचा, फुकट नंबर आहे.

काकींना बांबोळीचं नाव काढलं तेव्हा त्या उसळल्याच. "मला वेडी ठरवतेस?" महिनाभर दुकानाची पायरी चढल्या नाहीत. शेवटी सून घेऊन गेली. शेजाऱ्यांना सांगितलं, जीएमसीत, बांबोळीच्याच मोठ्या सरकारी इस्पितळात, डोळे दाखवायचेत. डोळ्यांचं निमित्त मीच सुचवलं होतं आणि पुन्हा सुचवेन. आता चिठ्ठीवर तारीख असते, आणि मात्रा दर वेळी थोडी कमी.